परतीच्या पावसाचा हिशेब



पर्युषण आणि दशलक्षण पर्व संपले, क्षमापना झाली आणि पेढ्यांवरची गादी पुन्हा गजबजू लागली. या दिवसांत बारामती-इंदापूरच्या बाजारात एक प्रश्न भावाच्या आधी विचारला जातो : “यंदा परतीचा कसा म्हणतात?” भुसार व्यापारी विचारतो, कृषी सेवा केंद्राचा मालक विचारतो, कापड दुकानदार विचारतो आणि सराफही विचारतो. कारण चौघांचेही गिऱ्हाईक एकच असते, शेतकरी. त्याच्या हाती पैसा केव्हा आणि किती येणार, हे आपल्या भागात भाद्रपद-आश्विनातल्या ढगांवर ठरते. म्हणून या अंकात बाजूला ठेवलेल्या ठेवी, व्याज आणि कर यांच्याऐवजी आकाशाचे खाते उघडून पाहू.

प्रारंभीच एक स्पष्ट करतो. यंदा अमुक तारखेला इतका पाऊस पडेल, असे भाकीत या लेखात नाही. ते काम हवामान खात्याचे. त्या खात्याने दिलेला अंदाज व्यापाऱ्याने कसा वाचावा, त्यावर किती विसंबावे आणि त्यातून आपले व्यवहार कसे बेतावेत, एवढाच आजचा विषय आहे.

आपला पाऊस उशिरा का येतो?

नैऋत्येकडून येणारे मोसमी वारे सह्याद्रीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावर रिते करतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेच वारे डोंगर उतरून पूर्वेकडे आले की कोरडे आणि उष्ण होत जातात. अवघ्या शंभर किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावर असलेल्या बारामतीला वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटरांच्या घरात पाऊस मिळतो. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. जुलैत आपल्याकडे दिवसभर ढग असतात, गार वारा सुटतो, पण अंगणातली माती पुरती भिजत नाही, हा अनुभव इथल्या प्रत्येक घराचा आहे.

सप्टेंबरमध्ये चित्र पालटते. मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरू लागतो, ऊन तापू लागते, जमिनीलगतची हवा तापून दुपारनंतर वेगाने वर उठते आणि बंगालच्या उपसागराकडून येणारे बाष्प तिला मिळते. मग संध्याकाळी विजा, गडगडाट आणि तासा-दोन तासांची जोरदार सर. हा पाऊस सह्याद्रीवर अवलंबून नसतो, त्यामुळे पर्जन्यछायेचा शाप त्याला लागत नाही. पूर्व पुणे जिल्हा, सोलापूर, नगरचा दक्षिण भाग या सर्व पट्ट्यात म्हणूनच सप्टेंबर हा वर्षातला सर्वांत महत्त्वाचा पावसाचा महिना ठरतो. कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने पावसाळा तेव्हा संपत आलेला असतो. आपला तेव्हा कुठे भरात येतो.

मात्र या पावसाचा स्वभाव लहरी. मोसमी पाऊस जिल्हाभर पसरतो, तर परतीचा पाऊस गावाची शीव पाहून पडतो. भवानीनगरला रस्त्यावरून पाणी वाहते आणि सणसरला धूळ उडते, असे सहज घडू शकते. अंदाज वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

नक्षत्रे आणि तारखा

आपल्या वडीलधाऱ्यांनी या पावसाचा हिशेब नक्षत्रांवर ठेवला. सूर्य सप्टेंबरच्या 13 तारखेच्या सुमारास उत्तरा नक्षत्रात, 27 च्या सुमारास हस्तात, ऑक्टोबरच्या 10 च्या सुमारास चित्रात आणि 24 च्या सुमारास स्वातीत प्रवेश करतो. चंद्राच्या तिथी दरवर्षी मागेपुढे होतात. सूर्याच्या नक्षत्रप्रवेशाच्या तारखा मात्र जवळजवळ कायम राहतात. म्हणूनच शेतीसाठी पूर्वजांनी तिथीऐवजी सूर्यनक्षत्र निवडले, यात मोठे शहाणपण होते. रब्बी ज्वारीची पेरणी हस्ताच्या आगेमागे करावी, हा संकेत शेतकी खात्याच्या आजच्या शिफारशीशी, म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध याच्याशी, जुळतो. मालदांडी ज्वारीला पुढे पाऊस मिळाला नाही तरी चालते. काळ्या खोल रानात हत्तीच्या पावसाचे पाणी मुरलेले असेल आणि वेळेवर वापसा आला असेल, तर ती साठवलेल्या ओलीवरच कणसावर येते.

नक्षत्र हे ऋतूचे सरासरी वेळापत्रक सांगते. यंदाच्या हस्तात पाऊस पडेल की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. पंचांगातल्या वाहनावरून, म्हणजे कोल्हा, घोडा, हत्ती यांवरून, खरेदीचे बेत आखणारे व्यापारी अजून भेटतात. श्रद्धेचा मान राखून एवढेच सांगावेसे वाटते, की माल भरण्यासाठी तो आधार पुरेसा नाही.

हवामान खात्याचेही वेळापत्रक आहे. मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून माघार घेण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी 1 सप्टेंबर मानली जात असे. अलीकडच्या दशकांत माघार लांबत चालल्याचे नोंदींवरून दिसले, म्हणून 2020 पासून ती 17 सप्टेंबर केली गेली. सलग पाच दिवस पाऊस नसणे, खालच्या थरात प्रतिचक्रवाती वारे स्थिरावणे आणि हवेतले बाष्प लक्षणीय घटणे, या तीन अटी पुऱ्या झाल्या की माघार सुरू झाल्याचे जाहीर होते. आपल्या भागातून पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात निरोप घेतो. ज्या काळात आपण दिवाळीचा माल भरतो, तो काळ आता पूर्वीपेक्षा अधिक ओला झाला आहे, असा याचा व्यापारी अर्थ.

चार वर्षांची खतावणी

लागोपाठच्या काही वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तर परतीच्या पावसाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

2018 साली देशभरातला मोसमी पाऊस सरासरीच्या 91 टक्के झाला. सप्टेंबरने आपल्या पट्ट्याला पाठ दाखवली आणि 31 ऑक्टोबरला राज्य शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते.

2019 साली देशाचा पाऊस 110 टक्क्यांवर गेला. माघार सुरू व्हायला 9 ऑक्टोबर उजाडला, इतका उशीर खात्याच्या नोंदीत त्यापूर्वी झाला नव्हता. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुरंदरमध्ये प्रचंड पाऊस होऊन नाझरे धरणातून पाणी सोडावे लागले आणि एरवी कोरड्या दिसणाऱ्या कऱ्हेने बारामतीत घरादारांत शिरून लोकांना बाहेर काढले. दुष्काळाच्या जाहीर घोषणेला तेव्हा वर्षही उलटले नव्हते.

2020 साली पाऊस 109 टक्के. बंगालच्या उपसागरातले खोल कमी दाबाचे क्षेत्र 13 ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगण, उत्तर कर्नाटक, सोलापूर या मार्गाने थेट आपल्यावर आले. 14 तारखेच्या रात्री इंदापूर, बारामती, दौंड भागात ओढे-नाले फुटले, उभी पिके आडवी झाली, ऊस लोळला, डाळिंबाच्या बागांत पाणी साचले. देशातून मोसमी पाऊस पूर्णपणे परतायला 28 ऑक्टोबर उजाडला.

2023 साली एल निनो होता. ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. देशाचा एकूण पाऊस मात्र 94 टक्के झाला. वर्तमानपत्रातला हा आकडा वाचून कोणाला फारशी चिंता वाटली नसती. पण त्या वर्षी राज्यात ज्या 40 तालुक्यांत प्रथम दुष्काळ जाहीर झाला, त्यांत बारामती आणि इंदापूर होतेच.

या खतावणीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. देशाची सरासरी ही आपल्या तालुक्याची शिल्लक नव्हे. शाखा तोट्यात असताना बँकेचा एकूण ताळेबंद नफ्याचा असू शकतो, तसेच हे आहे. आणि आपल्या भागात अवर्षण व अतिवृष्टी हे दोन निरनिराळ्या पिढ्यांचे अनुभव राहिलेले नाहीत. एकाच कर्जाच्या मुदतीत दोन्ही येऊन जातात.

इथे उजनीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळजण धरणाच्या टक्क्यावरून बाजाराचा अंदाज बांधतात. उजनीचा उपयुक्त साठा 53.57 टीएमसी आणि त्याखालचा मृत साठा 63.65 टीएमसी. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्याची असते, म्हणून उन्हाळ्यात ती शून्याखाली, ‘उणे’ जाते. शिवाय उजनी भरते ती मुख्यतः पश्चिमेकडच्या पावसाने आणि वरच्या धरणांतून येणाऱ्या पाण्याने. धरण शंभर टक्के भरले, म्हणून इंदापूरच्या जिरायत शिवारात ओल आहे असे होत नाही. नीरेच्या कालव्याखालचा ऊस, उजनीकाठचा उपसा आणि पलीकडचे कोरडवाहू माळ, ही एकाच तालुक्यातली तीन निराळी खाती आहेत.

अंदाज कसा वाचावा

भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. 1864 चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतर 1866 व 1871 साली फसलेला पाऊस यांतून ते जन्माला आले. पुढे 1877 च्या सुमाराच्या महादुष्काळानंतर खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचे अनुमान काढायला आरंभ केला आणि 1886 साली देशाचा पहिला हंगामी अंदाज प्रसिद्ध झाला. खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही ‘सिमला ऑफिस’ का म्हणतात, ते अनेकांना ठाऊक नसते, म्हणून हा उल्लेख.

अंदाजाचे मुदतीप्रमाणे प्रकार असतात. मुदत ठेव आणि चालू खाते यांना आपण एका नियमाने चालवत नाही, तसेच अंदाजांचेही आहे. संपूर्ण हंगामाचा अंदाज हा दिशादर्शक असतो. त्यावरून वर्षाची पतमर्यादा ठरवावी, आठवड्याची खरेदी नव्हे. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. बियाणे, खत, दिवाळीचे कापड यांची मागणी नोंदवताना तो उपयोगी पडतो. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पुढच्या चार-पाच दिवसांसाठी असतो, आणि ‘मेघदूत’ या मोबाइल ॲपवर तो मराठीत मिळतो. पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज रडार व उपग्रह यांच्या आधारे दिला जातो. परतीच्या वळिवासारख्या सरींसाठी खरा भरवशाचा तोच. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ हे ॲप आहे. ते आपल्या मुनिमाच्या, हमालाच्या आणि गाडीवानाच्या फोनमध्येही असावे, कारण उघड्यावर तेच असतात.

अंदाजातले शब्द कोणी सहज म्हणून वापरलेले नसतात. प्रत्येकाला मोजमाप आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरांपासून पुढे ‘मुसळधार’, 115.6 पासून ‘अति मुसळधार’ आणि 204.4 च्या वर ‘अत्यंत मुसळधार’ गणला जातो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे कृती करा.

तेव्हा ‘पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे वाचूनही इंदापुरात थेंब पडला नाही, तर खाते खोटे ठरत नाही. खात्याने चारांतल्या एका केंद्रापुरतीच हमी घेतली होती. उरलेल्या तिघांत आपण होतो, इतकेच.

‘स्यात्’चा अर्थ

इथे जैन वाचकाला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळावी. ‘पाऊस पडेल’ किंवा ‘पडणार नाही’ अशी दोनच उत्तरे बाजाराला हवी असतात. आपल्या आचार्यांनी मात्र फार पूर्वी सांगून ठेवले आहे, की कोणतेही विधान कोणत्या तरी अपेक्षेने, कोणत्या तरी दृष्टिकोनातूनच सत्य असते. स्यात् अस्ति, स्यात् नास्ति, स्यात् अवक्तव्य, अशा सात भंगांनी स्याद्वाद ही गोष्ट मांडतो. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असा अर्थ करून पुष्कळांनी स्याद्वादाला संशयवाद ठरवले. तो अर्थ बरोबर नाही. ‘स्यात्’ म्हणजे कथंचित्, एका निश्चित अपेक्षेने. त्यात डळमळीतपणा नाही. आपल्या विधानाची मर्यादा आपणच नेमकी सांगण्याचा तो प्रामाणिकपणा आहे.

भारतीय संख्याशास्त्राचे जनक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिलेल्या निबंधात स्याद्वादाची सविस्तर चर्चा केली आणि आधुनिक संभाव्यताविचाराशी त्याचे नाते दाखवले. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानेही 1957 साली याच विषयावर लिहिले. महालनोबिस हे स्वतः 1922 पासून काही वर्षे कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ होते, हे मला विशेष वाटते. उत्तर बंगालच्या आणि ओरिसाच्या पुरांचा अभ्यास त्यांनी पावसाच्या नोंदींवरून केला होता. आभाळाचे आकडे हाताळलेल्या माणसाला स्याद्वाद जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच. संभाव्यता आणि स्याद्वाद एकच आहेत, असा दावा मी करणार नाही. दर्शनाची खोली गणितात मावत नाही. पण ज्या घरात अनेकांताचे संस्कार आहेत, त्या घराने ‘हवामान खाते नेहमीच खोटे’ असा एकांत निकाल देऊ नये.

ताडपत्रीचे गणित

आता व्यवहाराकडे येऊ. समजा, एखाद्या आडत्याच्या ओट्यावर शंभर क्विंटल मका उघड्यावर आहे. भिजल्यास क्विंटलमागे तीनशे रुपये भाव पडेल, म्हणजे तीस हजारांचे नुकसान. ताडपत्री, हमाली आणि रात्रीचा राखणदार मिळून एका रात्रीचा खर्च तीन हजार. झाकावे की नाही?

खर्चाला नुकसानीने भागा. तीन हजार भागिले तीस हजार, म्हणजे दहा टक्के. पावसाची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर झाकणे फायद्याचे. कमी असेल, तर न झाकणे. शक्यता वीस टक्के आहे असे धरा. अशा दहा रात्री झाकण्याचा खर्च तीस हजार होतो. न झाकल्यास दहांपैकी सरासरी दोन रात्री माल भिजून साठ हजार जातात. दहांपैकी आठ रात्री ताडपत्री कोरडीच राहील आणि शेजारचा हसेल. तरीही झाकणारा तीस हजारांनी पुढे असेल. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दावर हसायचे की ताडपत्री काढायची, याचे उत्तर असे आपल्याच वहीतून मिळते. पावसाचा आकडा सर्वांना सारखाच असतो, निर्णय मात्र प्रत्येकाच्या मालाप्रमाणे निराळा होतो. ज्याचे नुकसान थोडे, त्याने पिवळा इशारा सोडून द्यावा. ज्याचे मोठे, त्याने तो नारिंगी समजावा.

धान्य कोरडे ठेवण्याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. मक्यात चौदा टक्क्यांहून आणि सोयाबीनमध्ये बारा टक्क्यांहून अधिक ओल राहिली, तर भाव तर कापला जातोच, पण कोठारात बुरशी व कीड होते आणि पुढे ती मारण्याचा प्रसंग येतो. जीवोत्पत्ती होण्यापूर्वीच काळजी घेणे ही यतना. पावसात असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, म्हणून साधू-साध्वी चार महिने विहार थांबवतात. तोच विचार गोदामाला लावला, तर व्यापार आणि व्रत यांत अंतर राहत नाही. आश्विनातल्या उन्हात दोन दिवस जास्त माल वाळवणे हे पौषात औषधाची धुरी देण्यापेक्षा केव्हाही बरे.

उधारीचा पाऊसमान

सर्वांत नाजूक खाते उधारीचे. आपली वसुली परंपरेने दिवाळीला होते. निर्वाणकल्याणकाच्या शुभदिनी जुने खाते मिटवून नवी वही उघडावी, ही रीत सुंदर आहे. पण ती रीत रूढ झाली तेव्हा बाजरी, मूग, मटकी दिवाळीपूर्वी घरात येत असत. आज पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो, मळणी लांबते, उसाचे पैसे कारखाना सुरू झाल्यावर मिळतात, हस्त बहाराचे डाळिंब तर पुढच्या वर्षी हाती येते. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसताना आपण दिवाळीच्या तारखेवर अडून बसलो, तर तो एका पेढीचे देणे फेडायला दुसरीकडून चढ्या व्याजाने काढतो. आकडा आपल्या वहीतून जातो आणि गिऱ्हाईकही जाते.

कृषिकर्जाच्या फायली पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. नैसर्गिक आपत्तीत पिकाचे 33 टक्के वा अधिक नुकसान झाल्यास बँकांना अल्पमुदतीच्या पीककर्जाची फेड लांबवून देण्याची, त्याचे मुदती कर्जात रूपांतर करण्याची तरतूद आहे. ही केवळ दया नव्हे. बुडणाऱ्या रकमेपेक्षा उशिरा येणारी रक्कम बरी, हा रोकडा हिशेब त्यामागे आहे. खासगी पेढीला असा कोणताही नियम लागू नाही. म्हणूनच तो स्वतःहून घालून घ्यावा. उधारी देतानाच तारखेऐवजी पीक लिहावे : ‘बाजरी’, ‘कांदा’, ‘ऊस पहिला हप्ता’, ‘ज्वारी’. आपल्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या पावसाच्या नोंदी पाहाव्यात. तालुक्याची सरासरी नव्हे, मंडळाची. फळपिकांचा हवामानावर आधारित विमादेखील झाड पाहून नव्हे, तर या केंद्रांच्या आकड्यांवरूनच ठरतो. अंथुर्ण्याच्या गिऱ्हाईकाला भिगवणच्या पावसावरून जोखू नये.

दुसरी बाजूही निर्भीडपणे मांडली पाहिजे. परतीचा पाऊस जोराचा होणार, कांदा शेतात सडणार, हे अंदाजावरून आधी कळते. मग माल दाबून ठेवण्याचा मोह होतो. पुढच्या टंचाईसाठी योग्य साठा करणे हा व्यापाराचा धर्म आहे, त्याशिवाय बाजार चालणार नाही. पण शेतकऱ्याला अंदाज न सांगता त्याच्या घाईचा लाभ घेणे हा परिग्रह होय. उलट ज्या आडत्याने ‘परवापर्यंत काढणी थांबवा’ किंवा ‘आजच झाकून घ्या’ असा निरोप आपल्या शेतकऱ्यांना पाठवला, त्याच्या ओट्यावर पुढच्या वर्षीही गाड्या लागतात. निरोपाचा खर्च काहीच नाही.

आपल्या भागात या धाडसाचा आणि दूरदृष्टीचा मोठा दाखला आहेच. सोलापूरच्या दिगंबर जैन दोशी घराण्यातले शेठ वालचंद हिराचंद (1882-1953) यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर 1930 च्या दशकात ऊस आणि साखर कारखाना उभा केला. तेच पुढे वालचंदनगर झाले. त्यांनी पावसावर जुगार खेळला नाही. दुष्काळनिवारणासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे पोहोचत होते, तिथे त्यांनी भांडवल घातले. पाणी आधी आणि पैसा नंतर, हा त्यांचा क्रम होता. आज माळेगावला अजैविक ताणांवर, म्हणजे दुष्काळ, उष्णता, क्षार यांवर, संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 2009 पासून काम करते आहे आणि शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्रही हाकेच्या अंतरावर आहे. व्यापारी मंडळींनी वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन, यंदा कोणत्या पिकाला जोखीम किती, हे विचारावे. शेतकरी मेळाव्याला जातो, त्याला उधार देणारा मात्र जात नाही, हे विसंगत आहे.

येत्या आठ आठवड्यांसाठी

उत्तरा आणि हस्तात बियाण्याचा माल एकदम न भरता दोन टप्प्यांत मागवावा. पहिला पाऊस मुरून वापसा आल्याशिवाय दुसरा टप्पा नको. कऱ्हा, नीरा वा ओढ्याकाठच्या गोदामांत खालची थप्पी फळ्यांवर चढवावी आणि विम्याच्या पॉलिसीत पूर व पाणी शिरणे यांचा समावेश आहे की नाही, ते आत्ताच तपासावे. ढग दाटल्यावर पॉलिसी वाचण्यात अर्थ नाही. माघारीची घोषणा झाली म्हणून लगेच ताडपत्र्या घडी करू नयेत. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कमी दाबाची क्षेत्रे होतच असतात आणि त्यांतले एखादे पश्चिमेकडे वळू शकते. वहीच्या कडेला रोज एक आकडा लिहावा : आज पेढीवर किती मिलिमीटर पडला. साधे पर्जन्यमापक फार महाग नसते. दहा वर्षांत ती नोंद कोणत्याही अंदाजाइतकीच मोलाची होईल.

दिवाळीला नवी वही पूजेला ठेवाल, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आणि शुभ-लाभाबरोबर गेल्या चार महिन्यांच्या पावसाची बेरीजही मांडून ठेवा. उधारीची पाने उलटण्यापूर्वी ती एकदा वाचली, की कोणाकडे केव्हा मागायचे, हे वेगळे ठरवावे लागणार नाही.